लायनर नवे, तरी मागून चीं: ड्रम ब्रेकचा आवाज कुठून येतो ते शोधताना

माझ्या जुन्या हॅचबॅकच्या मागच्या डाव्या चाकाने दोनदा नवे लायनर (ब्रेकमध्ये घासला जाणारा थर) खाल्ले. दोन्ही वेळी गॅरेजवाल्याने ‘झिजले होते साहेब’ म्हणून बिल हातात ठेवलं, आणि दोन्ही वेळी महिन्याच्या आत सिग्नलपाशी थांबताना तीच चीं सुरू झाली. बाजूच्या रिक्षावाल्याने वळून बघावं अशी. तिसऱ्या वेळी मी स्वतःच पाना घेऊन बसलो, तेव्हा कळलं की लायनरचा काही दोषच नव्हता. लायनर ज्या पत्र्यावर टेकून सरकतात तो पत्रा कोरडा पडून खरवडला गेला होता, आणि तिकडे कोणी बघितलंच नव्हतं. त्यानंतर बिल्डिंगमधल्या, मेहुण्याच्या, ऑफिसातल्या मित्रांच्या गाड्या धरून वीसेक ड्रम (चाकाबरोबर फिरणारं ब्रेकचं लोखंडी भांडं) उघडले असतील. खरोखर लायनर संपल्यामुळे ओरडणारे त्यात मोजून तीन-चार.

मी मेकॅनिक नाही. पुढे जे लिहितोय ते मागे ड्रम असलेल्या गाड्यांचं आहे, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांचं. मागे डिस्क असेल तर थोडं शेवटी आहे.

आधी आवाज ऐका

आवाज कसा आणि कधी येतो यावरच अर्धं निदान होतं, म्हणून गाडी जॅकवर घ्यायच्या आधी दोन दिवस नुसतं ऐका.

सकाळी पहिल्या चार-पाच ब्रेकला चीं आणि मग दिवसभर काही नाही, विशेषतः पावसाळ्यात किंवा गाडी धुतल्यावर? रात्रभरात ड्रमच्या आत गंजाची पातळ साय धरते, ती पुसली जातेय. याला काहीच करू नका.

दिवसभर, पण हळू वेगात, थांबायच्या शेवटच्या दहा-पंधरा फुटांत येणारी बारीक, लांब चीं म्हणजे बहुधा आत साठलेली धूळ, नाहीतर काचेसारखे गुळगुळीत झालेले लायनर.

गाडी उभी आहे, इंजिन चालू आहे, आणि नुसतं पेडल दाबलं-सोडलं तरी मागून ‘कुर्र’ येतं. हे फार महत्त्वाचं लक्षण आहे आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित. चाक फिरतच नाहीये, म्हणजे लायनर ड्रमवर घासल्याचा हा आवाज नव्हे. शू, म्हणजे लायनर ज्यावर बसवलेला असतो ती लोखंडी कमान, मागच्या पत्र्यावर सरकताना करकरतोय. माझ्या गाडीला हेच होतं आणि मी दोनदा लायनरचे पैसे मोजले.

ब्रेक न मारताही चाकाच्या फेऱ्यागणिक ‘चिक्... चिक्...’ येत असेल तर काहीतरी सतत टेकतंय. कधी ड्रमच्या काठाला आलेला कंगोरा, कधी वाकडा झालेला मागचा पत्रा, कधी नुसता अडकलेला खडा.

रात्रभर उभ्या गाडीला पहिल्यांदा हलवताना ‘टक्’ करून चाक सुटतं आणि मग थोडं अंतर ओरडतं: हँडब्रेक लावून ठेवल्याने लायनर ड्रमला चिकटले होते.

आणि ‘खर्र’. चीं नव्हे, खर्र. धातूवर धातू. इथे पुढचं वाचत बसू नका, गाडी उघडा किंवा उघडून घ्या. घासलेल्या लायनरचं लोखंड ड्रम खात असतं आणि रोजच्या चालवण्याने खर्च वाढत जातो.

आवाज खरंच मागचा आहे का?

हसू नका. गाडीत बसून आवाजाची दिशा ओळखणं फसवं असतं. मेहुण्याने ‘मागून येतोय’ म्हणून आणलेली गाडी पुढच्या पॅडसाठी (डिस्क ब्रेकमधला लायनरच) ओरडत होती.

फुकटची चाचणी अशी: मोकळं मैदान किंवा सोसायटीचा रिकामा रस्ता बघा. काचा खाली, रेडिओ बंद. चालण्याच्या वेगाने गाडी सोडा आणि पेडलला हात न लावता... म्हणजे पाय न लावता, हँडब्रेकचं बटण अंगठ्याने दाबूनच ठेवत लिव्हर हळूहळू वर घ्या. हँडब्रेक आपल्याकडच्या जवळपास सगळ्या गाड्यांत फक्त मागच्या चाकांवर लागतो. आवाज आला तर मागचाच. नाही आला तर पुढची चाकं बघा. बटण दाबून ठेवायचं ते एवढ्यासाठी की लिव्हर वर अडकून चाकं जाम होऊ नयेत. इलेक्ट्रॉनिक हँडब्रेकच्या गाडीत हा प्रयोग करू नका.

डावं की उजवं? कंपाउंडच्या भिंतीलगत हळू चालवा. भिंतीकडच्या बाजूचा आवाज उलटून स्पष्ट ऐकू येतो. मग उलट दिशेने येऊन दुसरी बाजू ऐका.

रिव्हर्समध्येही ब्रेक मारून बघा. मागे जाताना कुठला शू ड्रममध्ये जास्त खेचला जातो ते उलटं होतं, त्यामुळे एकाच दिशेला आवाज येत असेल तर दोनांपैकी एकाच शूला काहीतरी झालंय इतका धागा मिळतो.

चाक न काढता होणाऱ्या गोष्टी

ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळी बघा. लायनर आणि पॅड झिजतात तशी ती वर्षभरात थोडी खाली येते, ते स्वाभाविक. दोन-तीन आठवड्यांत दिसण्याइतकी उतरली असेल तर कुठेतरी गळतंय. नुसतं वरून ओतून विसरू नका. मागच्या टायरच्या आतल्या भिंतीवर, ड्रमच्या मागच्या पत्र्याच्या खालच्या काठावर ओला डाग शोधा.

मग उष्णता. दहा किलोमीटर, शक्यतो कमी ब्रेक वापरून, गाडी चालवा आणि उतरून प्रत्येक चाकाच्या रिमजवळ हाताची मागची बाजू न्या, टेकवू नका. मागची दोन्ही सारखीच कोमट हवीत. एक चटका देत असेल तर तो ब्रेक सुटतच नाहीये. तापलेल्या ड्रमवर पाणी मात्र ओतायचं नाही, बीडाला तडा जातो.

सुटत नसण्याचं मला सर्वांत जास्त वेळा सापडलेलं कारण म्हणजे ताणून ठेवलेली हँडब्रेकची केबल. हे कसं होतं बघा. लायनर झिजतात, आत ड्रम आणि शूमधलं अंतर वाढतं, हँडब्रेक वर यायला लागतो. गिऱ्हाईक म्हणतं ‘हँडब्रेक घट्ट करून द्या’. योग्य काम म्हणजे ड्रम उघडून आतला अ‍ॅडजस्टर (हे अंतर कमी-जास्त करणारा स्क्रू) फिरवणं. सोपं काम म्हणजे लिव्हरखालचा केबलचा नट दोन आटे आवळणं. दुसरं दोन मिनिटांत होतं. मग शू कायम थोडे ओढलेले राहतात, दिवसभर घासत तापतात, लायनरचा पृष्ठभाग भाजून चकचकीत कडक होतो आणि चीं सुरू. त्यावर नवे लायनर टाकले की महिन्यात तेही भाजतात. तुमच्या गाडीचा आवाज ‘हँडब्रेक टाइट करून घेतल्यापासून’ सुरू झाला असेल तर हेच आधी बघा. किती ‘कट्’ला हँडब्रेक लागला पाहिजे तो आकडा गाडीच्या पुस्तकात असतो.

कच्च्या रस्त्यावरून आल्यावर अचानक सुरू झालेला सतत चिरका आवाज असेल तर खडा. रिकाम्या जागेत थोडं पुढे-मागे करून बघा, पुष्कळदा स्वतःच पडतो.

चाक काढून, ड्रम उघडून

इथपर्यंत खर्च शून्य. आता पॉलिश पेपर (80 किंवा 100 नंबरचा, जाडसर), ब्रेक क्लीनरचा डबा, ब्रेकसाठीचं उच्च तापमानाचं ग्रीस, चिमटा, पक्कड, लांब स्क्रू ड्रायव्हर आणि एक मास्क. मास्क गमतीसाठी नाही. आपल्याकडे अ‍ॅस्बेस्टॉसवर सरसकट बंदी नाही, जुन्या किंवा स्वस्त लायनरमध्ये ते असू शकतं. म्हणून ड्रममधली धूळ फुंकायची नाही, कॉम्प्रेसरची हवा तर मुळीच मारायची नाही. क्लीनरने ओली करून चिंध्यांनी टिपायची आणि चिंध्या पिशवीत बांधून टाकायच्या.

सपाट, कडक जमीन. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी दगड. हँडब्रेक सोडलेला, नाहीतर ड्रम निघणारच नाही. गाडी पहिल्या गिअरमध्ये. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा आटा सैल करा, मग जॅक. गाडीबरोबर येणारा जॅक पंक्चरसाठी असतो, त्याच्या भरवशावर गाडीखाली हात-डोकं घालायचं नाही. स्टँड लावा. स्टँड नसेल तर हे काम घरी करू नका. स्टँड लावला तरी काढलेलं चाक चौकटीखाली सरकवून ठेवा, पण तो आधार नव्हे, दुसरी संधी एवढंच.

एका वेळी एकच बाजू उघडा. स्प्रिंगा कुठल्या भोकात होत्या हे विसरलात तर दुसऱ्या बाजूकडे बघता येतं (आरशातल्यासारखं उलटं, हे लक्षात ठेवून). तरीही आधी मोबाइलवर दोन-तीन फोटो काढाच.

ड्रम गंजाने धरलेला असतो. हातोडीने काठावर दणके देण्याआधी ड्रमच्या तोंडावर दोन आटेवाली भोकं आहेत का बघा. त्यांत योग्य मापाचे दोन बोल्ट टाकून आलटून-पालटून आवळले की ड्रम आपोआप बाहेर ढकलला जातो. काही गाड्यांत ड्रम आणि हब एकच असतात, मधला मोठा नट काढावा लागतो आणि त्याबरोबर बेअरिंग येतं. तुमची गाडी तशी असेल तर इथेच थांबा. तो नट किती आवळायचा याचं ठरलेलं माप असतं, ते चुकलं तर चाकाच्या बेअरिंगशी खेळ होतो.

ड्रम निघाला की काहीही पुसण्याआधी नुसतं बघा.

ओलं दिसतंय का? लायनरवर काळपट चिकट डाग, वरच्या व्हील सिलिंडरच्या (पेडल दाबल्यावर शू बाहेर ढकलणारा भाग) रबरी टोपीखाली ओलावा? म्हणजे ब्रेक ऑइल गळतंय. टोपीची कड स्क्रू ड्रायव्हरने हलकेच उचला. आत किंचित दमटपणा चालतो, थेंब चालत नाही. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत अ‍ॅक्सलच्या सीलमधून गिअर ऑइलही येतं, त्याला वेगळा उग्र वास असतो. काहीही असो, इथे घरगुती काम संपलं. तेल प्यालेले लायनर पेट्रोलने धुऊन, जाळून परत बसवणारे लोक मी पाहिलेत. तेल आत मुरलेलं असतं, तापलं की परत वर येतं, आणि मग एक चाक जोरात धरतं, दुसरं धरतच नाही. पावसात अशी गाडी फिरते. लायनर दोन्ही बाजूंचे नवे, सिलिंडर किंवा सील नवं, आणि सिलिंडर बदलला की लाइनमधली हवा काढणं. हे काम मेकॅनिकचं.

कोरडं असेल तर बहुधा काळी-तपकिरी भुकटी मूठभर निघेल. ब्रेक मारताना गाडीचा भार पुढे जातो, त्यामुळे मागच्या ब्रेकना काम कमी, लायनर वर्षानुवर्षं टिकतात, आणि म्हणूनच ड्रम कोणी उघडत नाही. धूळ बाहेर जायला वाटही नाही. त्या धुळीमुळे लायनर ड्रमवर सलग घासण्याऐवजी क्षणाक्षणाला चिकटतो-सुटतो, आणि ड्रम घंटेसारखा वाजतो. काचेच्या पेल्याच्या कडेवरून ओलं बोट फिरवल्यावर जे होतं तेच. पुष्कळ गाड्यांचा आवाज नुसत्या सफाईने जातो.

लायनर कोरडे, जाड आहेत पण आरशासारखे चमकतात? पॉलिश पेपरने चमक जाईपर्यंत घासा, एकाच दिशेने नको, आडवं-तिडवं. ड्रमची आतली बाजूही तशीच. लायनरच्या दोन्ही टोकांच्या धारदार कडा कानशीने दोन-तीन मिलिमीटर तिरक्या करून घ्या, टोक आधी टेकून थरथरत नाही. लोखंडावर लायनर किती उरला ते मोजा. कमीत कमी किती हवा ते गाडीच्या पुस्तकात असतं. मी स्वतः दीड-दोन मिलिमीटरवर आले की बदलून टाकतो. तडा गेलेला, कोपरा तुटलेला किंवा लोखंडापासून सुटू लागलेला लायनर कितीही जाड असो, कचऱ्यात.

ड्रमच्या काठाला बोट लावा. लायनर जिथे पोचत नाही तिथे गंजाचा कंगोरा उभा राहतो आणि शूची कड त्याला घासते, फेऱ्यागणिक ‘चिक्’ ती ही. कानशीने उतरवा. आत नख अडकेल एवढे चर असतील तर ड्रम लेथवर फिरवून घ्यावा लागेल. कमाल व्यास ड्रमवरच कोरलेला असतो, त्यापलीकडे गेला तर नवा. लेथवाल्याला तो आकडा दाखवा, सांगितल्याशिवाय तो बघेलच असं नाही.

आणि आता तो पत्रा. शूच्या मागे जी बॅकिंग प्लेट असते, तिच्यावर प्रत्येक शूसाठी साधारण तीन उंचवटे असतात. शूची कड त्यांच्यावर टेकून आत-बाहेर सरकते. कारखान्यातून आलं तेव्हा तिथे ग्रीस होतं, दोन पावसाळ्यांनंतर तिथे गंज असतो. शू थोडा पुढे ओढून (स्प्रिंग उडते, डोळे सांभाळा) मागे बघा: उंचवटे चकचकीत खरवडलेले किंवा तांबडे दिसतील. पॉलिश पेपरने साफ करा आणि प्रत्येकावर ज्वारीच्या दाण्याएवढं ग्रीस. ज्वारीच्या, शेंगदाण्याच्या नव्हे. जास्त झालं तर तापून वितळतं, लायनरवर जातं, आणि आवाज घालवायच्या नादात ब्रेक जातो. साधं पिवळं बेअरिंगचं ग्रीस नको, ब्रेकचंच हवं. लायनर बदलूनही ज्यांचा आवाज परत आला अशा जितक्या गाड्या माझ्याकडे आल्या, त्यांतल्या बहुतेकांत हे उंचवटे कोरडे होते. उंचवट्यात शूच्या कडेने खोल खाच पाडली असेल तर ग्रीस काही दिवसच टिकतं, शू खाचेत अडकतच राहतो आणि प्लेट बदलावी लागते. माझी तशीच बदलली, मेकॅनिककडून, कारण त्यासाठी ब्रेकची नळी सोडावी लागते.

अ‍ॅडजस्टरचे आटे गंजले असतील तर साफ करून किंचित ग्रीस लावा. डाव्या-उजव्या बाजूच्या अ‍ॅडजस्टरचे आटे उलट असतात, अदलाबदल केली तर गाडी चालता चालता ब्रेक सैल होत जातो. स्प्रिंगांच्या वेढ्यांत फट दिसली, म्हणजे त्या ताणल्या गेल्यात, की दोन्ही बाजूंचा संच बदला.

परत बसवताना

ड्रम बसवून अ‍ॅडजस्टर असा लावा की चाक हाताने फिरवताना अगदी हलकी घसट ऐकू यावी, पण चाक फिरत राहावं. हे दोन्ही बाजूंना झाल्यावर मगच हँडब्रेकच्या केबलकडे वळा. चाकाचे नट तिरप्या क्रमाने आवळा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा. गाडी हलवण्याआधी पेडल पाच-सहा वेळा दाबा. पहिल्या वेळी ते खाली जाऊ शकतं, आणि ते तुम्हाला गेटपाशी कळायला नको.

घासलेले किंवा नवे लायनर ड्रमवर बसायला वेळ लागतो. मोकळ्या रस्त्यावर 40-50 च्या वेगावरून सावकाश 10 पर्यंत, असं वीसेक वेळा, मध्ये थोडं अंतर सोडत. पूर्ण थांबून पेडल दाबून ठेवू नका. पहिल्या दिवशी थोडी कुरबुर राहिली तर राहू द्या.

आवाज घालवायला ड्रमच्या फटीतून गंज सोडवायचा स्प्रे किंवा कुठलंही तेल मारायचं नाही. आवाज जातो, खरंय. ब्रेकही जातो.

मागे डिस्क असेल तर

पॅडवरची पातळ पट्टी पॅड संपत आला की डिस्कला घासून मुद्दाम ओरडते. ती चालताना ओरडते आणि ब्रेक मारला की पुष्कळदा गप्प होते. बाकी तपासायचं ते कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) सरकत्या पिना जाम आहेत का आणि पॅडमागचे पातळ पत्रे जागेवर आहेत का. मागच्या कॅलिपरचा पिस्टन बऱ्याच गाड्यांत नुसता ढकलून जात नाही, फिरवत आत घ्यावा लागतो. सी-क्लॅम्पने दाबून एका मित्राने आख्खा कॅलिपर घालवला. इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर स्कॅनरशिवाय हातच लावू नका.

केव्हा गाडी चालवायचीच नाही

पेडल मऊ लागतंय किंवा नेहमीपेक्षा खोल जातंय. डॅशबोर्डवर ब्रेकचा लाल दिवा हँडब्रेक सोडूनही जळतोय. ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते. जळका वास किंवा चाकातून धूर. यांतलं एकही असेल तर ‘हळूहळू नेतो गॅरेजपर्यंत’ नको, मेकॅनिकला घरी बोलवा किंवा गाडी उचलून न्या. घाटाखाली किंवा घाटावर राहणाऱ्यांनी तर हे दोनदा वाचावं.

गॅरेजला गेलातच, तर ‘मागून आवाज येतो, बघा’ एवढंच सांगू नका. नव्या लायनरचं बिल येईल. डावं चाक, हळू वेगात, उभ्या गाडीतही पेडलला करकरतं, हँडब्रेक केव्हा आवळला होता, हे सांगा. ड्रम निघाल्यावर मला बोलवा म्हणा आणि शू काढायला लावून त्या उंचवट्यांवर स्वतः बोट फिरवून बघा.

पावसाळ्यात आठवडाभर गावी जाणार असाल तर गाडी सपाट जागी, गिअरमध्ये, चाकाला दगड लावून ठेवा आणि हँडब्रेक सोडा. आमच्याकडे कोकणात जुनी माणसं हे न सांगता करतात.